सहा मिनिटं बाकी होती

वॉल्टरराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात सिंकखाली उताणा पडलो होतो. हातात पाना होता. नळ बरेच दिवस गळत होता आणि मोरीनबाई, म्हणजे त्यांची बायको, पाच दिवस हॉस्पिटलात नवऱ्याच्या उशाशी बसून होत्या. शेजारी म्हणून घराची किल्ली आमच्याकडं होती. हॉस्पिटलात जाऊन मी काय करणार होतो? तिथं बोलायला माझ्याकडं भाषा नाही, आणि बसून राहायला जीव थाऱ्यावर नाही... म्हणून नळ धरला. माझी सून अश्विनी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

"आबा, जरा बाहेर या."

"वायसर बसवतोय. तिथनंच बोल."

"आबा... वॉल्टर गेले. मोरीनचा फोन होता."

मी वायसर बसवला. नट आवळला. पाणी सोडून बघितलं, थेंब पडत नव्हता. मग पाना पुसला आणि तिथंच फरशीवर बसलो. अश्विनी म्हणाली, "चला ना घरी." मी म्हटलं, तू हो पुढं. माणूस गेलेल्या घरातनं एकदम उठून जाऊ नये असं मला वाटलं. खरं कारण वेगळं होतं. ते सांगायलाच हा कागद घेतलाय.

आधी माझं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो; पास झालो का नाही ते मास्तरांना ठाऊक. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात आयुष्यभर फिटर होतो. लेखक नाही. पोरगा दिनेश म्हणाला, आबा, तुम्ही सांगा, मी नीट लिहून देतो. मी नको म्हटलं. माझी चूक दुसऱ्याच्या अक्षरात नको.

दिनेश डब्लिनजवळ एका औषधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. राहायला ॲडम्सटाउन म्हणून नवीन वसवलेलं गाव आहे, तिथं. सगळी घरं एकासारखी एक, भिंतीला भिंत लागून, मागं रेल्वेचं स्टेशन. आमची मंडळी गेल्यावर मला एकट्याला गावाकडं ठेवायला पोराचं मन होईना. पण तिकडं आईबापाला तीन महिन्यांच्या वर राहू देत नाहीत. म्हणून २०१५ पासून दरवर्षी गणपती झाले की मी जायचो आणि थंडी हाडात शिरायच्या आत परतायचो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. नेमका तोच वॉल्टररावांच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हंगाम, हे मला पुढं कळलं.

पहिल्या वर्षी स्टेशनाजवळच्या बाकावर माकडटोपी घालून बसलो होतो. एक उंचापुरा, काळा, म्हातारा माणूस काठी टेकत आला आणि शेजारी बसला. अंगात मरून रंगाचा जाड स्वेटर, त्यावर एक मोठं अक्षर शिवलेलं. त्यानं माझ्या टोपीकडं बघितलं, मी त्याच्या स्वेटरकडं. तो काहीतरी म्हणाला. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "इंडिया. फिटर." तो म्हणाला, "अमेरिका. फुटबॉल." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी फिटर, आणि ते माझ्यासाठी वॉल्टरराव. राव म्हणजे काय ते त्यांना कधी सांगितलं नाही, पण आवडायचं त्यांना. फोनवर लोकांना सांगायचे, "धिस इज वॉल्टर राव."

माझं इंग्रजी म्हणजे कारखान्याचं इंग्रजी. लोड, प्रेशर, लीक, ग्रिप, लूज, टाइट, होल्ड. एवढ्या शब्दांवर आमची चार वर्षं निघाली. अमेरिकेचा फुटबॉल पायानं कमी आणि खांद्यानं जास्त खेळतात. समोरासमोर दोन भिंती उभ्या राहतात आणि एकमेकींवर आदळतात. मी सोळाव्या वर्षापासून कबड्डीत उजवा कोपरा सांभाळलेला माणूस. त्यांच्या घरी कॉम्प्युटरवर पहिलाच सामना बघताना मी म्हटलं, "वॉल्टरराव, लेफ्ट साइड लूज." पुढच्याच डावात समोरचा गडी डावीकडनं पार झाला. वॉल्टररावांनी मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की कारखान्यात चीफ इंजिनिअरनंसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

त्यांचं कॉलेज अमेरिकेच्या दक्षिणेला, काळ्या लोकांचं. त्यांच्या तरुणपणी गोऱ्यांच्या कॉलेजात यांना पाऊल टाकू देत नव्हते, म्हणून यांची वेगळी कॉलेजं, वेगळे संघ. एका रविवारी अश्विनीला शेजारी बसवून त्यांनी ते सगळं सांगितलं. सामन्याला बसनं जायचे, पण वाटेत कुठल्या खानावळीत घेत नसत. कोच घरनं कोंबडी आणि पाव बांधून घ्यायचा आणि अख्खा संघ रस्त्याकडंला उभ्यानं खायचा. अश्विनी सांगता सांगता थांबली, म्हणाली, "आबा, त्यांना विचारायचंय की हे तुम्हाला समजतंय का." मी म्हटलं, "त्यांना सांग, आमच्या वस्तीच्या संघानं एका गावात कप जिंकला होता. कप हातात दिला. पाणी मात्र वरनं ओतलं." अश्विनीनं ते इंग्रजीत कसं घातलं ठाऊक नाही. तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा कळत होतं.  वॉल्टरराव उठले आणि मला चहा स्वतःच्या हातानं ओतून दिला, कप काठोकाठ भरून.  बशीत सांडला तोही मी प्यायलो.

पण त्यांचा राग वेगळाच होता. ते म्हणायचे, दारं बंद होती तेव्हा आमचा संघ देशात भारी होता. दारं उघडली आणि मोठ्या कॉलेजांनी आमची चांगली पोरं उचलून नेली. आता उरलीत ती मनानं खेळणारी. हंगामाच्या सुरवातीला कॉलेज चालवायला पैसे लागतात म्हणून ही पोरं कुठल्यातरी धनदांडग्या विद्यापीठाकडं, रक्कम ठरवून, पाहुणी म्हणून जातात आणि साठ-सत्तर हजार लोकांपुढं मार खाऊन येतात. तो सामना बघताना वॉल्टरराव आवाज बंद करायचे. मधल्या सुट्टीत मात्र पुन्हा मोठा करायचे, कारण तेव्हा यांचा बँड मैदानात उतरायचा. काय बँड तो! दोनशे पोरंपोरी, ढोल, पितळी कर्णे, पुढं नाचणारा गडी मागं वाकून डोक्यावरची उंच टोपी जमिनीला टेकवायचा. सामन्यात मार खाल्लेला संघ बँडमध्ये जिंकून यायचा. वॉल्टररावांचे गुडघे गेलेले, तरी पावलं खुर्चीतल्या खुर्चीत हलायची.

आता खुर्चीचं सांगायला हवं.

कारखान्यात आम्ही रेडिओवर क्रिकेट ऐकायचो तेव्हा एक नेम होता. आपली जोडी जमली की वर्कशॉपात जो जिथं असेल, त्यानं तिथंच राहायचं. उभा असेल त्यानं उभं, बसलेल्यानं बसलेलं. एकदा शंकर वेल्डर मोरीवर गेला आणि इकडं विकेट पडली. वर्षभर त्याला कुणी तंबाखू दिली नाही. हे फक्त गमतीचं नव्हतं. आम्ही ते मानायचो. मी तर फारच मानायचो. तोच नेम मी वॉल्टररावांच्या घरात लावला. पहिल्यांदा ते खो खो हसले. मग एकदा संघ पुढं असताना मोरीनबाई पडदा ओढायला उठल्या आणि त्याच क्षणी आपल्या पोराच्या हातनं चेंडू सुटला. झालं! वॉल्टररावांनी बायकोकडं असं बघितलं, की मला हसू आवरेना. "मोरीन! फिटर सेज नो मूव्ह!" मोरीनबाई म्हणाल्या, "दोन म्हातारे, दोघांचं मिळून डोकं अर्धं." त्या स्वतः तिकडच्याच, आयर्लंडच्या, नर्स होत्या; वॉल्टरराव अमेरिकेच्या पलटणीत असताना जर्मनीत पलटणीच्या दवाखान्यात दोघांची ओळख झालेली. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्या दिवसापासून त्याही संघ पुढं असला की जागच्या हलेनाशा झाल्या. संघ पुढं असण्याची वेळच कमी यायची, ही गोष्ट निराळी.

२०१८ चा हंगाम सगळ्यात वाईट. मी सप्टेंबरात पोचलो तेव्हा वॉल्टरराव खंगले होते. साखर होती, ब्लडप्रेशर होतं, एक डोळा अधू झालेला. संघाचंही तेच. पहिला सामना हरले, दुसरा हरले, तिसऱ्यात शेवटच्या मिनिटाला हरले. मोरीनबाई मला दारात गाठून म्हणाल्या, "फिटर, ही इज नॉट ग्रँड." तिकडं कसं आहे विचारलं की सगळे ग्रँड म्हणतात, ताप असला तरी ग्रँड. नॉट ग्रँड मी पहिल्यांदाच ऐकलं. ऑक्टोबर उजाडला तरी एकही विजय नाही. वॉल्टररावांनी एक दिवस माझ्यापुढं एक बोट धरलं. "वन, फिटर. ओन्ली वन." हंगाम जिंकायचा नव्हता त्यांना, कप नको होता. डोळ्यादेखत एक सामना जिंकलेला बघायचा होता. पुढच्या हंगामाचं ते बोलत नव्हते, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "वन कमिंग." जणू माझ्या हातात होतं.

मग होमकमिंगचा सामना आला. ती त्यांच्या कॉलेजाची जत्राच म्हणा. जुने विद्यार्थी देशभरातनं येतात, तीन-तीन पिढ्या, मैदानाबाहेर चुली पेटतात. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं होतं, म्हणून वॉल्टरराव स्वेटर घालून संध्याकाळी सहालाच कॉम्प्युटरपुढं बसले. शनिवार होता. मोरीनबाई दर शनिवारी संध्याकाळी चर्चला जायच्या आणि तिथनं मैत्रिणीकडं; रात्री उशिराचा सामना असला तरच त्या आमच्यात असायच्या. घरात आम्ही दोघंच. ते त्यांच्या खुर्चीत, मी त्यांच्या उजव्या हाताला लाकडी स्टुलावर.

काय खेळली पोरं त्या दिवशी! डावी बाजू, जी चार वर्षं लूज होती, ती भिंतीसारखी उभी. शेवटच्या भागात आपण तीन गुणांनी पुढं होतो आणि सहा मिनिटं बाकी होती. ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांना सांगतो, त्यांची सहा मिनिटं म्हणजे आपली सहा मिनिटं नव्हेत. चेंडू बाहेर गेला, घड्याळ बंद. कोचनं हात केला, घड्याळ बंद. पाऊण तासही लागतो. आम्ही दोघं पुतळे झालो होतो. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मी बोटसुद्धा हलवलं नाही.

तेव्हा वॉल्टरराव म्हणाले, "फिटर... माय आर्म."

मी बघितलं. ते उजव्या हातानं डावा हात चोळत होते. मला वाटलं, माझ्या पायासारखंच. मी म्हटलं, "होल्ड. होल्ड." ते थांबले. थोड्या वेळानं त्यांनी उजवा हात खुर्चीच्या दांडीवर रोवला आणि उठू लागले. समोरचा संघ आपल्या हद्दीत घुसला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. "सिट, वॉल्टरराव. नो मूव्ह. वन कमिंग." ते हसले. "यस, बॉस," म्हणाले, जरा जड जिभेनं, आणि बसले. त्यानंतर ते उठायला गेले नाहीत.

शेवटच्या क्षणाला समोरच्यांनी बरोबरी करायला चेंडू दोन खांबांकडं लाथाडला. आपल्या एका पोरानं उडी मारून हातानं तो अडवला. संपलं. जिंकलो! मैदानात लोक धावले, बँड वाजायला लागला. मी स्टुलावरनं उठून वॉल्टररावांच्या पुढं गेलो, त्यांना मिठी मारायला... आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला समोरनं दिसला. अर्ध्या तोंडानं हसत होते. दुसरं अर्धं खाली सांडलं होतं. चहाचा ओघळ हनुवटीवरनं स्वेटरवर उतरला होता. मला वाटलं, आनंदानं रडतायत. मी त्यांना हसलो. देवाशपथ सांगतो, मी हसलो आणि रुमालानं त्यांचं तोंड पुसलं.

दार उघडून मोरीनबाई आल्या. ओली छत्री हातातच होती. मी ओरडलो, "विन! विन!" त्यांनी नवऱ्याकडं एकदाच बघितलं. छत्री पडली.

पाच दिवस गेले ते मी वर सांगितलंच. तिकडं माणूस गेला की त्याला नीट कपडे घालून एका दालनात ठेवतात आणि लोक रांगेनं येऊन घरच्यांचे हात हातात घेतात. मी एक वाक्य तयार केलं होतं. अश्विनीला वेगवेगळ्या वेळी एकेक शब्द विचारून, तिला संशय येऊ न देता, कागदावर आपल्या अक्षरात लिहिलं. ही वॉन्टेड टू गेट अप. आय स्टॉप्ड हिम. तीन दिवस न्हाणीत पाठ केलं. रांगेत माझ्यापुढं दिनेश, मागं एक जाडजूड आजीबाई. मोरीनबाईंपुढं आलो. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "यू वेअर विथ हिम, फिटर. थँक गॉड यू वेअर विथ हिम." एवढं इंग्रजी मला कळतं. मागनं आजीबाईंनी हळूच पुढं सरकवलं. वॉल्टरराव मरून स्वेटर घालून निजले होते. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा केला होता कुणीतरी.

त्या आठवड्यात मी अश्विनीला सगळं सांगितलं. ती ज्या कारखान्यात इंजिनिअर आहे तिथं डोक्यातल्या शिरेत अडकलेली गुठळी काढायच्या बारीक नळ्या बनतात. म्हणजे तिला ठाऊक असणार. ती कणीक मळत होती.

"किती वेळ, आबा?"

"सहा मिनिटं बाकी होती."

"खेळाची नाही हो. आपल्या घड्याळाची."

"पाऊण तास असेल."

तिचे हात थांबले. मी म्हटलं, "लगेच नेलं असतं तर?"

"असं सांगता नाही येत, आबा. प्रत्येक केस वेगळी असते. आधीच बीपी, डायबेटीस..."

"तुमच्या नळीला किती वेळ चालतो? दिवस? तास?"

ती परातीतल्या कणकेकडं बघत राहिली. आयुष्यभर मशिनं बघितलीत मी. इंजिनिअर गप्प बसला की काय समजायचं ते मला शिकवावं लागत नाही. दिनेश मागं उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आबा, हे मोरीनला सांगायचं नाही. त्या बाईला कशाला आणखी त्रास? आणि तुम्हाला तरी काय माहीत होतं?" मी म्हटलं, "तू मला शहाणपण शिकवू नको." तो म्हणाला, "शिकवत नाहीये. हात जोडतोय." पोरानं माझ्यापुढं हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले, आणि नाही सांगत म्हटलं.

हंगामाचा शेवटचा सामना उरला होता आणि माझं विमान त्याच्या दोन दिवसांनी. मोरीनबाईंनी निरोप धाडला, फिटरला पाठवा. गेलो. त्यांनी कॉम्प्युटर लावून ठेवला होता. त्या वॉल्टररावांच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्या दिवशी चर्चला गेल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "सिट, फिटर." मला बसवेना. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. त्यांनी परत म्हटलं, मी नको म्हणून मान हलवली. संघ हरत होता, बसलं काय, उभं राहिलं काय, काही फरक नव्हता.

मधल्या सुट्टीत बँड आला आणि माझ्यानं राहवेना. पोराला दिलेला शब्द मोडला. पाठ केलेलं वाक्य आठवेना, कागद घरी राहिलेला. मग मी करून दाखवलं. स्वतःचा डावा हात चोळला. उठायला लागल्यासारखं केलं. मग माझ्याच उजव्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि खाली दाबला. "मी. फिटर," म्हटलं. बाई माझ्याकडं बघत होत्या. डोळे त्यांचे निळे, त्यातलं मला काही वाचता येत नाही.  मग त्यांनी विचारलं, "जिंकल्यावर हसले का ते?"

मी हो म्हणून मान हलवली.

"कसे?"

मी तोंडाची डावी बाजू सैल सोडली आणि उजवीनं हसलो.

त्या म्हणाल्या, "अगेन."

मी परत हसून दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा मागितलं, मी तिसऱ्यांदाही दाखवलं. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि मी अर्ध्या तोंडानं हसत उभा होतो. मी खांद्याचं जे दाखवलं ते त्यांना कळलं होतं का नव्हतं, का कळून त्यांनी बाजूला ठेवलं होतं... ते विचारायला माझ्याकडं इंग्रजी नाही. मराठीतसुद्धा कसं विचारायचं मला ठाऊक नाही. सामना संपला. त्यांनी दारात माझा मफलर नीट केला आणि म्हणाल्या, "सेफ होम."

आता गावाकडं आलोय. लोक भेटायला येतात, म्हणतात, तिकडं तुमचा दोस्त गेला म्हणे, वाईट झालं. मी हो म्हणतो. दिनेश फोनवर म्हणतो, तुम्हाला माहीत नव्हतं आबा, तुम्हाला कळणार कसं. अश्विनी विषय बदलते. दोघं चांगली आहेत, मला सांभाळून घेतात. पण फिटरच्या हाताला एक गोष्ट कळते. पाना लावला की नट नुसता अडलाय का आतनं उलटा जोर येतोय, हे डोळ्याच्या आधी तळहाताला कळतं. तो मरून लोकरीचा खांदा माझ्या तळहाताखाली अजून आहे. भाकरी मोडताना असतो, दाराला कडी लावताना असतो. तो नुसता हलत नव्हता. सगळा जोर लावून वर येत होता, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.